पांढऱ्या पाटीची गाडी आणि पॉलिसीतली एक ओळ

मे महिना किंवा दिवाळी जवळ आली की कोकणात, गोव्यात, महाबळेश्वरला जायचे बेत ठरू लागतात आणि गाडीचा प्रश्न येतो. घरची गाडी लहान पडते किंवा नसतेच. ड्रायव्हरसह गाडी ठरवली तर एक सीट त्याच्याकडे जाते, त्याच्या मुक्कामाची सोय पाहावी लागते, आणि लहान मुलं-म्हातारी माणसं बरोबर असताना मनाला येईल तिथे थांबत जाता येत नाही. अशा वेळी कुणाची तरी सोसायटीत उभी असलेली खासगी गाडी अ‍ॅपवरून दोन-चार दिवसांसाठी भाड्याने घेणं सोयीचं वाटतं, आणि ते सोयीचं आहेच. मोटार विम्याच्या क्लेमचं काम करताना या पद्धतीबद्दल लोक मला सतत विचारतात. पण विचारतात ते डिपॉझिट परत मिळतं का, बंपरवरच्या जुन्या ओरखड्याचे पैसे आपल्या माथी मारतील का, गाडी वाटेत बंद पडली तर काय, एवढंच. या प्रश्नांना अर्थ आहे, पण त्यांची किंमत फार तर काही हजारांची असते. ज्या प्रश्नाची किंमत घर विकण्याइतकी होऊ शकते तो क्वचितच कुणी विचारतो: या गाडीने एखाद्या माणसाचा जीव गेला, किंवा गाडीतल्याच कुणाचा गेला, तर भरपाई कोण देणार? माझं म्हणणं असं की, आजच्या कायद्यात पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने घेताना या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर मिळत नाही, आणि ते मिळत नाही तोवर कुटुंबाला घेऊन अशा गाडीतून सुट्टीला जाऊ नये.

याचं मूळ पॉलिसीतल्या एका ओळीत आहे. आपल्याकडे खासगी कारच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा एक छोटा परिच्छेद असतो. त्याचा आशय असा, की भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर, मालाची वाहतूक, शर्यत, वेगाची चाचणी वगैरे सोडून इतर कोणत्याही वापरासाठी ही पॉलिसी लागू आहे. नातेवाइकाला, मित्राला, शेजाऱ्याला गाडी फुकट दिली आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असलं तर विमा चालू राहतो. त्याच शेजाऱ्याकडून दिवसाचे दोन हजार घेतले की गाडी त्या वगळलेल्या वापरात शिरते. मोटार वाहन कायदा 1988 हाही हेच सांगतो. व्यवसायासाठी वाहन वापरायचं तर परवाना लागतो, आणि गाडी विनाचालक भाड्याने द्यायची तर त्यासाठी 1989 ची ‘रेंट-अ-कॅब’ योजना आहे. त्या योजनेतल्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. गोव्यात फिरलेल्या प्रत्येकाने त्या पाहिल्या आहेत. ड्रायव्हरसह मिळणाऱ्या टूरिस्ट पासिंगच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळे आकडे, आणि घरगुती गाडीला पांढऱ्या पाटीवर काळे. पाटीचा रंग म्हणजे गाडीचा वापर, तिचा कर आणि तिचा विमा कोणत्या खात्यात आहे याची रस्त्यावरूनच दिसणारी खूण. अ‍ॅपवरून गाड्या भाड्याने देणारी, बंगळूरमध्ये 2013 साली सुरू झालेली झूमकार ही कंपनी पहिली काही वर्षं स्वतःच्या ताफ्यातल्या गाड्या भाड्याने देत होती. पुढे लोकांनी आपल्या गाड्या नोंदवाव्यात आणि कंपनीने गिऱ्हाईक गाठून द्यावं ही पद्धत आली. अमेरिकेत 2009 साली रिलेराइड्स नावाने सुरू झालेली आणि आज टुरो म्हणून ओळखली जाणारी कंपनी याच कल्पनेवर उभी राहिली. कल्पनेत वाईट काही नाही. महिन्यातले बरेच दिवस पार्किंगमध्ये धूळ खाणारी गाडी कुणाच्या उपयोगी पडावी, मालकाचा हप्ता थोडा हलका व्हावा, यात गैर काय? अडचण अशी, की या कल्पनेला सामावून घेईल असा कायदा आणि विमा आपल्याकडे अजून तयार झालेला नाही.

‘पण गाडी भाड्याने दिली होती हे विमा कंपनीला कळणार कसं?’ हा प्रश्न लोक सहज, अगदी निरागसपणे विचारतात. त्याचं उत्तर कामाच्या टेबलावर रोज दिसतं. क्लेम फॉर्ममध्ये अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, त्याचं लायसन्स, आणि त्याचा मालकाशी संबंध काय, हे रकाने असतात. संबंधाच्या रकान्यात ‘मित्र’ लिहिलेलं असतं. मग मालक पिंपरीचा, चालक नागपूरचा, गाडीत चालकाचं अख्खं कुटुंब, अपघात हरिहरेश्वरच्या रस्त्यावर, आणि या मित्राचं आडनाव सांगताना मालक अडखळतो. पोलिसांच्या जबाबात चालकाने घाबरलेल्या अवस्थेत खरं तेच सांगितलेलं असतं, की गाडी अमुक अ‍ॅपवरून घेतली. डॅशबोर्डखाली मागाहून बसवलेलं ट्रॅकरचं उपकरण असतं, फोनमध्ये बुकिंगचा मेसेज असतो, बँकेच्या खात्यात भाडं जमा झालेलं असतं. मोठी रक्कम अडकलेली असली की तपासनीस नेमला जातो, आणि त्याला हे सगळं शोधायला फार वेळ लागत नाही. इथे सर्वांत जास्त नुकसान भाड्याने घेणाऱ्याचं होतं. मालक फोनवर गळ घालतो, ‘साहेब, मित्र म्हणून सांगा, नाहीतर माझा क्लेम जाईल.’ अपघाताने हादरलेला माणूस हो म्हणतो. त्या क्षणापासून तो अपघातग्रस्त राहत नाही, खोट्या क्लेमचा साथीदार होतो. विमा हा परस्परांच्या सचोटीवर उभा असलेला करार आहे, आणि खोटं निवेदन सापडलं की सहानुभूतीने विचार करण्याची जी थोडीफार वाट असते तीही बंद होते. अशी गळ घातली गेली तर स्पष्ट नाही म्हणावं. इतका निर्धार नसेल तर असा व्यवहार मुळात करूच नये.

आता रकमेचा विचार करू. कारण ‘हजारांतल्या एकाचं काहीतरी होतं, आपलं कशाला होईल?’ हा सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि तो अर्धा खरा आहे. बहुतेक सहली सुखरूप पार पडतात, गाडी परत जाते, डिपॉझिटही मिळतं. पण जोखीम मोजताना शक्यतेच्या जोडीला नुकसानीचा आकार पाहावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृत्यूची भरपाई कशी काढतं ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांत त्याची रीत घालून दिली आहे. समजा, रस्त्यावर 35 वर्षांचा, महिना 40,000 रुपये पगाराची कायम नोकरी असलेला, चार माणसांचा पोशिंदा माणूस गेला. वर्षाचं उत्पन्न 4 लाख 80 हजार. भविष्यातल्या वाढीसाठी त्यात 50 टक्के मिळवले की 7 लाख 20 हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 5 लाख 40 हजार. या वयाला 16 ने गुणायचं. होतात 86 लाख 40 हजार, आणि त्यावर व्याज. थर्ड पार्टी विम्यात मृत्यू आणि इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही ती याचसाठी, कारण ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्यातली नसते. आणि हाच विमा इथे डळमळतो. भाड्याच्या वापराचा परवाना नसताना गाडी भाड्याने वापरली, हा बचाव कायद्याने विमा कंपनीला दिलेल्या मोजक्या बचावांपैकी एक आहे.

यावर जाणकार सांगतील की न्यायालयं मृताच्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडत नाहीत. विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग वसूल करावेत, असा आदेश होतो. खरं आहे, आणि तसाच व्हायला हवा. ज्याचा माणूस गेला त्याला पाटीचा रंग काय होता याच्याशी घेणं-देणं नसावं. पण वसूल कुणाकडून करायचे? परवाना नसलेल्या ट्रकच्या एका प्रकरणात, अमृतपाल सिंग खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली परवाना नसणं हा मूलभूत भंग मानला आणि विमा कंपनीला ती रक्कम मालक आणि चालक यांच्याकडून वसूल करण्याची मुभा दिली. आपल्या सहलीच्या गाडीत चालक म्हणजे आपण. म्हणजे पीडितांना मिळालेले पैसे मालकाच्या आणि आपल्या मिळकतीवर वसुलीच्या रूपाने परत येऊ शकतात. दोन हजार रोजाच्या भाड्यात ही जबाबदारी आपण उचलत आहोत, हे बुकिंग करताना कुणाच्या मनातही नसतं.

दुसरा आक्षेप याहून नेमका आहे आणि तो करणारे लोक निकाल वाचलेले असतात. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने चालवली जात असताना चोरीला गेली, तेव्हा 2008 च्या नितीन खंडेलवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्लेम पूर्ण नाकारणं अमान्य केलं आणि 75 टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवला. 2010 च्या अमलेंदु साहू प्रकरणातही भाड्याने दिलेल्या खासगी गाडीबाबत हाच मार्ग धरला. मग घाबरायचं कशाला? दोन कारणांनी. हे दोन्ही वाद गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे होते, गाडीने दुसऱ्याला केलेल्या इजेचे नव्हेत. शिवाय ही प्रकरणं जिल्हा ग्राहक मंचापासून दिल्लीपर्यंत गेली. क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आज हातात पडतं आणि निकाल लागतो कित्येक वर्षांनी. मधल्या काळात मालकाला गाडी दुरुस्त करायची असते, बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि तो पैशांसाठी ज्याच्याकडे पाहतो तो माणूस म्हणजे गाडी घेऊन गेलेला. दहा लाखांच्या आयडीव्हीची, म्हणजे विम्यासाठी तेवढी किंमत धरलेली, गाडी टोटल लॉस झाली आणि 75 टक्के मिळाले, तरी अडीच लाखांची तूट कुणीतरी भरायचीच असते.

गाडीतल्या माणसांबद्दल तर फारच कमी लोक विचार करतात, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. आपल्या बोलण्यात ‘फुल इन्शुरन्स’ आणि ‘थर्ड पार्टी’ असे दोन प्रकार असतात. जुन्या झालेल्या गाडीला मालक बऱ्याचदा फक्त थर्ड पार्टी विमा घेतो, कारण तो स्वस्त पडतो आणि कायद्याची गरज भागते. पण खासगी गाडीत बसलेली माणसं या नुसत्या थर्ड पार्टी विम्यात येत नाहीत. ती पॅकेज पॉलिसीत, म्हणजे फुल इन्शुरन्समध्ये येतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या बालकृष्णन निकालात हा फरक ठळकपणे मांडला आहे. आता विचार करा. आजी-आजोबा, बायको, दोन मुलं घेऊन तुम्ही वरंध किंवा ताम्हिणीचा घाट उतरता आहात आणि गाडीला फक्त थर्ड पार्टी आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला जे संरक्षण आहे ते तुमच्या मागच्या सीटवर बसलेल्या आईला नाही. चालकाची स्थिती याहून नाजूक. पॉलिसीबरोबर 15 लाखांचं जे सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण येतं ते ‘मालक-चालका’साठी असतं, ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याच्यासाठी. दुसऱ्याची गाडी चालवताना स्वतःला काही झालं तर? निंगम्मा प्रकरणात, 2009 साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गाडी मागून घेणारा हा मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालक स्वतःच्याच गाडीच्या विमा कंपनीकडे तेव्हाच्या कलम 163-अ खाली भरपाई मागू शकत नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर ही उणीव काळ्या पाटीची गाडी घेतल्यानेही आपोआप भरून निघत नाही. तिच्यावर उपाय एकच, स्वतःच्या नावावरची वैयक्तिक अपघात पॉलिसी, आणि घरातला जो कुणी गाडी चालवतो त्याच्याकडे ती असावीच.

मधल्या कंपनीकडून मिळणाऱ्या ‘प्रोटेक्शन’बद्दलही लोक निर्धास्त असतात. बुकिंगच्या वेळी काहीशे रुपये जास्त भरले की नुकसानीची जबाबदारी अमुक रकमेपुरती, अशी हमी दिली जाते. ती हमी बहुधा कंपनी आणि तुमच्यातला करार असतो, आणि करार अटींवर चालतो. दुसऱ्याने गाडी चालवली, अपघात कळवायला उशीर झाला, ठरलेल्या हद्दीबाहेर गाडी नेली, गाडीला खालून मार बसला, टायर फुटला, पाण्यात गाडी चालवून इंजिन बसलं, अशा गोष्टी बाहेर ठेवलेल्या आहेत का हे पाहावं लागतं, आणि पावसाळी कोकणात नेमक्या याच गोष्टी घडतात. शिवाय ही हमी गाडीच्या पत्र्याची असते. वर काढलेल्या 86 लाखांशी तिचा संबंध आहे का, हे लेखी विचारावं. त्या भाड्याच्या काळापुरती कोणत्या विमा कंपनीची, कोणत्या क्रमांकाची पॉलिसी लागू आहे आणि तिच्यात भाड्याच्या वापराला स्पष्ट मान्यता आहे का, एवढं एक उत्तर मिळालं तर या लेखातले बरेच आक्षेप मी मागे घेईन. ते उत्तर गोल गोल आलं, तर काय समजायचं ते वाचकाने समजावं.

गाडी देणाऱ्या मालकालाही एवढंच सांगायचं आहे की तो जोखमीच्या बाहेर नाही. ई-चलन त्याच्या नावावर येतं. विनापरवाना व्यवसायासाठी कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड आणि कैदेचीही तरतूद आहे, आणि वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकारही आहे, म्हणजे सहलीला गेलेलं कुटुंब भररस्त्यात उतरवलं जाऊ शकतं. गोव्याहून परतताना कुणी विनापरवाना दारूच्या बाटल्या डिकीत टाकल्या आणि बांदा-इन्सुलीच्या पट्ट्यात उत्पादन शुल्क विभागाने गाडी तपासली, तर मुद्देमालाबरोबर गाडीही जप्त होते. तेव्हा पुण्यात बसलेल्या मालकाला सिंधुदुर्गच्या फेऱ्या मारत आपला काही संबंध नव्हता हे पटवावं लागतं.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सोयीचा आहे, आणि तो मला मनापासून मान्य आहे. काळ्या पाटीच्या गाड्या सगळीकडे मिळत नाहीत, सुट्टीत त्यांचे दर चढतात, लहान शहरांत तर त्या जवळपास नसतातच. मग गरज असलेल्या कुटुंबाने काय करायचं? आणि ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याने कायदेशीर मार्गाने ती भाड्याने द्यायची तरी कशी? 1989 च्या योजनेत परवान्यासाठी किमान 50 गाड्यांची अट आहे. मोबाइल नसलेल्या काळात, मोठ्या पर्यटन कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही योजना. एका गाडीच्या मालकाला तिच्यात एकट्याने शिरायला दारच नाही, म्हणून तो पांढऱ्या पाटीने हा व्यवहार करतो. इथे लोकांना दोष देण्याआधी नियम बदलायला हवेत. कॅलिफोर्निया राज्याने 2010 साली, ही पद्धत नुकती सुरू होत असतानाच, वेगळा कायदा केला. गाडी भाड्याने घेणाऱ्याच्या ताब्यात असताना मालकाचा घरगुती विमा बाजूला राहील आणि तेवढ्या काळाची जबाबदारी व्यवहार जुळवून देणाऱ्या कंपनीने आपल्या विम्यातून घ्यावी, हे त्यातलं मुख्य सूत्र. आपल्याकडे हे अशक्य नाही. बुकिंग सुरू झालं की पॉलिसी सुरू, गाडी परत आली की पॉलिसी बंद, अशी तासांवर चालणारी पॉलिसी आजच्या तंत्राने सहज देता येईल. ती सक्तीची करणारा नियम आला, तर मीच लोकांना ही पद्धत सुचवीन. पण नियम यायला हवा ही मागणी आणि तो आला आहे असं समजून वागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपघात झाल्यावर न्यायाधिकरण आजचा कायदा लावतं.

गाडीच्या तब्येतीबद्दल थोडक्यात. खासगी गाडीला दरवर्षीची फिटनेस तपासणी नसते, त्यामुळे ती कोणत्या अवस्थेत आहे हे आपणच पाहायचं. इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर आधीच्या अपघातात उघडलेल्या एअरबॅग बदलल्याच नाहीत आणि दिवाच काढून टाकला आहे, अशी शंका घ्यावी. मागच्या सीटवर जाऊन बेल्टच्या कड्या हाताने चाचपाव्यात. बाजारातल्या जाड सीट कव्हरखाली त्या गाडल्या गेलेल्या असतात आणि निघताना कुणाच्या लक्षातही येत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर मागच्या बेल्टची चर्चा देशभर झाली. रस्त्यावर सापडणाऱ्या गाड्यांमध्ये त्या चर्चेचा परिणाम फारसा दिसत नाही.

तेव्हा यंदाच्या सुट्टीसाठी माझा सल्ला सरळ आहे. काळ्या पाटीची गाडी मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन ती घ्या. मिळत नसेल तर पिवळ्या पाटीची, ड्रायव्हरसह. मित्राची गाडी खरोखर मित्र म्हणून मिळत असेल तर तिची पॅकेज पॉलिसी चालू आहे ना एवढं पाहून न्या. आणि पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घ्यायचं ठरवलंच असेल, तर पैसे भरण्याआधी मालकाकडून पॉलिसीची सगळी पानं मागवून घ्या, त्यातला वापराच्या मर्यादांचा परिच्छेद वाचा, आणि भाड्याचा वापर चालतो असं विमा कंपनीकडून लेखी आल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.